हात पोहोचेल असं विमान

खोली भाड्याने देताना घरमालक सहसा लग्न झालंय का, मित्र किती येतात, गावाकडे कोण असतं असलं काहीतरी विचारतात. विश्रांतवाडीतल्या ज्या घरात मी पुढे चार वर्षं राहिलो, तिथल्या काकांनी मला विचारलं, "तुमची कंपनी परदेशी पाठवते का?"

मी बार्शीहून आलेला, नोकरीला लागून जेमतेम दीड महिना झालेला. छाती फुगवून म्हणालो, "हो तर. वर्षभरात पाठवतील."

"मग कटकट आहे," काका म्हणाले आणि आत वळून काकूंना चहा टाकायला सांगितला. याचा अर्थ खोली मिळाली असा होता, हे मला चहा पिऊन संपेपर्यंत कळलं नाही.

कटकट कसली ते हळूहळू उलगडलं. दोन हजार साल उजाडलं की जगभरचे कॉम्प्युटर गोंधळात पडणार अशी तेव्हा हवा होती, आणि तो गोंधळ निस्तरायला पुण्यातून पोरांची अमेरिकेकडे रीघ लागली होती. काकांच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या आणि तिन्ही खोल्यांत आमच्यासारखेच नवशिके. दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी निघालेलाच असायचा. बातमी कळली की बाकीचे पार्टी मागत. काका मात्र विचारत, "विमान कोणतं?" कोणत्या गावी, किती महिने, पगार काय, यात त्यांना काडीचा रस नव्हता. तिकिटाबरोबर जो छापील कागद येतो त्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत विमानाचा प्रकार दिलेला असतो. काका चष्मा कपाळावर चढवून तो कोपरा तेवढा वाचायचे आणि कागद परत द्यायचे.

काका एकतीस वर्षं विमानं दुरुस्त करत आलेले. सरकारी नोकरी, हवाई दलाच्या विमानांवर फिटरची, आणि सगळी बदल्यांची. निवृत्त होऊन विश्रांतवाडीत घर बांधलं. विमानतळ जवळ आहे म्हणून इथे बांधलं की विमानांच्या आवाजाला कंटाळून मूळ मालकाने प्लॉट विकायला काढला होता म्हणून, याबद्दल काका आणि काकू वेगवेगळं सांगत. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ, आणि त्या घड्याळावर काकांचा विश्वास नसल्यामुळे त्याच्या बाजूला दुसरं घड्याळ. संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते गच्चीवर जात. विमान दिसायच्या आधी आवाजावरून ओळखत आणि ते उतरलं की शेरा मारत, "घाईत टेकवलं." वैमानिकाच्या हातून काकांना पसंत पडेल असं उतरणं माझ्या चार वर्षांत दोनदाच झालं.

पहिल्यांदा मला वाटलं की काका इंजिनं मोजत असणार. जास्त इंजिनं, जास्त भरवसा. एकदा गच्चीवर शहाणपणा करून तसं बोललोही.

"चार इंजिनं असली की काय होतं माहितीये का?" काका म्हणाले. "दोन तपासून झाली की मेकॅनिकला जेवणाची आठवण होते."

मग त्यांनी हात पुढे केला. बोटांच्या पेरांवर जुन्या, पांढऱ्या पडलेल्या जखमांच्या रेघा होत्या. अरुंद जागेत पाना फिरवताना हात सटकतो आणि पेरं सोलवटतात, तसल्या. "विमान चांगलं की वाईट ते उडण्यावर नसतं. उडतात सगळीच. मेकॅनिकचा हात आत सरळ जातो की नाही ते बघायचं. जातो तिथे तो काम नीट करतो. जात नाही तिथे दोनदा करतो, तिसऱ्यांदा झालं म्हणतो. वाईट नसतो तो. माणूस असतो."

या हिशेबाने काकांनी जगातल्या प्रवासी विमानांची प्रतवारी लावली होती. स्वतः त्यांनी त्यांतलं एकही हाताळलेलं नव्हतं, पण मुंबईच्या हँगरमध्ये काम करणारा एक जुना सोबती त्यांना पत्रं लिहायचा. कुठलं झाकण कुठे उघडतं, कुठे कोपर अडतं, सगळं आकृत्यांसकट. पंख्याची छोटी विमानं काकांची सर्वांत लाडकी. "सगळं उघडं. लपवाछपवी नाही." पंखांखाली इंजिनं असलेली विमानं पास. पण तीन इंजिनांची एक जात तेव्हा समुद्रापार उडत असे, दोन इंजिनं पंखांखाली आणि तिसरं पार मागे, शेपटीत, उंचावर बसवलेलं. हे विमान काकांच्या लेखी बाद होतं.

"शिडी लागते," ते म्हणायचे. एवढंच कारण.

ही प्रतवारी घरातही चाले. मिक्सर घ्यायला काकू आणि ते लक्ष्मी रोडला गेले तेव्हा काकांनी दुकानदाराला सात मिक्सर उलटे करायला लावले, आणि ज्याचे स्क्रू समोर दिसत होते तो उचलला. तो इतका ओरडायचा की काकू वाटण पाट्यावरच वाटत. पण मिक्सर बिघडला कधीच नाही, हे काका अभिमानाने सांगत. वापरलाच नाही तर बिघडेल कशाला, हे काकू स्वयंपाकघरातून सांगत.

आम्हा भाडेकरूंसाठी त्यांनी पद्धत घालून दिली होती. निघायच्या आधी कागद काकांना दाखवायचा. विमान पसंत पडलं की ते लाल पेन्सिलीने त्यावर 'पास' लिहून सही करत. त्या सहीशिवाय काकू बरोबर द्यायची शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे करायला घेत नसत. नापास झालं तर तिकीट बदलून आणायचं. आमच्यातल्या एका नागपूरच्या मुलाने दोनदा बदलून आणलं. तिसऱ्यांदा आमच्या दोघांच्या ऑफिसात तिकिटं काढणाऱ्या मॅडमनी थेट काकांच्या घरी फोन लावला.

"अहो, प्रवास तुमचा आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही ना," काका म्हणाले. "प्रवास त्याचा आहे. तो वर जाऊन खुशाल झोपतो, जेवतो, सिनेमा बघतो. खाली मी असतो. झोप माझी जाते, बाई."

हे खरं होतं. कोणी गेलं की काका घासभर जेवून उठत, पेपरची घडी मोडत नसत, आणि 'पोचलो' असा फोन आला की तासाभराने नवीनच माणूस झाल्यासारखे जिना चढून वर येत आणि आमच्या नळाला गळती आहे का ते बघत. आम्हाला गंमत वाटायची. थोडा रागही यायचा. आपला बाप एवढी चौकशी करत नाही आणि हे कोण, असं मी स्वतः एकदा बोललो आहे.

मग खोटे कागद सुरू झाले. युक्ती ताईची, म्हणजे काकांच्या मुलीची. ती आमच्यासारखीच एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि आमच्याआधीपासून परदेशी जात-येत होती. कागद शेवटी कॉम्प्युटरवरच तयार होतो. त्यातला विमानाचा प्रकार बदलायला कितीसा वेळ लागतो? "बाबांना झोप लागते, आपलं तिकीट वाचतं, कोणाचं काय बिघडलं?" ताई म्हणाली. मॅडमना तर सुटल्यासारखंच झालं. पुढच्या दोन वर्षांत वरच्या मजल्यावरून जो कोणी गेला त्याचं विमान पास झालं. काका खूश होते. जगात चांगली विमानं वाढत चालली आहेत, असं ते काकूंना म्हणाल्याचं मला आठवतं.

माझी पाळी आली तेव्हा माझ्याही कागदावर पंखांखालची दोन इंजिनं होती. प्रत्यक्षात युरोपातून पुढे अमेरिकेपर्यंत मी त्या तीन इंजिनवाल्यातून गेलो आणि तीन महिन्यांनी तसाच परत आलो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी चहाला खाली बोलावलं. काकूंनी पोहे केले होते. मी रंगात येऊन सांगत होतो, बर्फ, रस्ते, तिथली भलीमोठी दुकानं. ओघात म्हणालो, "परतीला मात्र शेवटची रांग मिळाली. सगळा वेळ डोक्यामागे नुसती घरघर."

काकांनी बशी खाली ठेवली. "कुठे?"

"मागे. वरच्या अंगाला."

"पंखातल्या इंजिनाची घरघर मागून वरून येत नाही," काका म्हणाले.

मी पोहे चावत राहिलो. तेवढ्या वेळात मला काहीतरी सुचायला हवं होतं.

"कागद?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसातल्या मॅडमनी करून दिला होता."

"बाकीच्यांचे?"

मी काकूंकडे बघितलं. त्या खाली बघत होत्या, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. "सगळ्यांचे," मी म्हणालो.

"आमच्या मुलीचे?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण ते ज्या तऱ्हेने बघत होते त्यापुढे मला खोटं बोलवेना. "ती कल्पना ताईचीच," मी म्हणालो. आणि मग, काहीतरी सावरायचं म्हणून, ज्याची मला आजही लाज वाटते ते बोललो. "पण काका, झालं काय त्यात? सगळे सुखरूप पोचले. काहीसुद्धा झालं नाही."

काकांचा चेहरा एकदम बदलला. एवढा वेळ ते दुखावलेले दिसत होते, आता तापलेले दिसले. ते उठले. "महिनाअखेर खोली रिकामी करा," म्हणाले. चार वर्षं मला 'अरे बार्शीकर' म्हणणारा माणूस 'करा' म्हणाला. मी जिना चढून वर गेलो आणि पलंगावर बसून राहिलो. ताईने सुरू केलं, सगळ्यांनी केलं, आणि बाहेर मी एकटा, याचा मला भयंकर राग आला होता. खरं सांगणारा मीच ना?

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कात्रजला खोली घेतली. काका तीन महिने ताईशी बोलले नाहीत हे काकूंकडून फोनवर कळलं. पुढे ताईचं लग्न झालं. तिच्याच क्षेत्रातला मुलगा, अमेरिकेत नोकरी. लग्नाला मी गेलो होतो. काकांनी "जेवून जा" म्हटलं, त्यापलीकडे काही नाही. आता वरच्या मजल्यावर कॉलेजच्या मुली राहत होत्या. त्या कुठे उडत नसत.

लग्नानंतर वर्ष-सव्वा वर्षाने एका दुपारी माझ्या ऑफिसात फोन वाजला. काका होते.

"कात्रजलाच आहात ना अजून? रविवारी या. तिकिटाचं बघायचंय."

गेलो. ताईला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. रक्तदाब वाढत होता, दिवस भरायच्या आत मूल काढावं लागेल अशी चिन्हं होती. जावई कामावर जायचा आणि दिवसभर ती एकटी. काकूंना मधुमेह, इंग्रजीचा गंध नाही, मध्ये विमान बदलायचं. त्या एकट्या जाणं शक्य नव्हतं. आणि काका जन्मात कधी प्रवासी विमानात बसले नव्हते. ताई फोनवर रडून म्हणाली होती, "बाबा, तुम्ही दोघं या." व्हिसाचे शिक्के तेवढे मारून आणलेले होते. पुढे गाडी अडली होती.

"जावई म्हणतो विमान चांगलं आहे," काका मला म्हणाले. "मुलगी म्हणते चांगलं आहे. एजंट म्हणतो, काका, एकदम फर्स्टक्लास आहे. यांना मी काय विचारणार? तुम्ही निदान विचारल्यावर खरं सांगितलंत."

हे ऐकून मला बरं वाटलं आणि लगेच धडकी भरली. शाळांच्या सुट्ट्यांचे दिवस होते, विमानं भरलेली. चार दिवस मी कॅम्पातल्या एजंटाकडे खेटे घातले. शेवटी आठवड्याभरातली दोन तिकिटं सापडली, पण समुद्रावरच्या टप्प्याला तेच, शेपटीत इंजिन असलेलं. काकांच्या पसंतीचं विमान हवं तर तीन आठवडे थांबायचं. तीन आठवड्यांत तिकडे काहीही होऊ शकलं असतं.

कात्रजहून विश्रांतवाडीला स्कूटरवर जाताना मी सबंध रस्ता विचार करत होतो. त्या मॅडम अजून आमच्याच ऑफिसात होत्या. पाच मिनिटांत दुसरा कागद मिळाला असता. काका विमानात चढल्यावर काय करणार होते, उतरणार होते थोडेच? आणि खरं सांगितलं, ते नाही म्हणाले, आणि तिकडे ताईचं काही बरंवाईट झालं तर ते कोणाच्या माथी? विमानतळाच्या वळणावर स्कूटर उभी करून मी दोन कप चहा प्यायलो. मग खरा कागद घेऊन गेलो.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, कोपरा वाचला. "शेपटीत," ते म्हणाले.

"हो. दुसरं मिळतंय, पण तीन आठवड्यांनी."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. काकांनी कागदाची घडी केली, उलगडली, परत केली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"काढा," काका म्हणाले.

ते गेले आणि पुढे दोन दिवस मी ऑफिसात काय काम केलं ते मला सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी ताईची दोन ओळींची मेल आली. 'आईबाबा पोहोचले. मी बरी आहे.' चौदा दिवसांनी आणखी एक आली. मुलगी झाली, वजन कमी आहे, पण रडते जोरात.

काका-काकू सहा महिन्यांनी परतले. मी भेटायला गेलो तेव्हा काकू मोकळेपणाने बोलत होत्या, काका पुन्हा गच्चीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "बस."

मी भीतभीत विचारलं, "कसं झालं जाताना?"

"झोपलो."

"घोरत होते," काकूंनी जिन्यातून सांगितलं. "शेजारची बाई उठून दुसरीकडे गेली."

झालं होतं असं. युरोपात विमान बदलायला चार तास होते. काका काचेशी जाऊन उभे राहिले आणि हलेनात. समोर त्यांचंच विमान उभं होतं आणि एक माणूस उंच शिडीवरून शेपटीतल्या इंजिनाशी पोहोचला होता. काकांनी मला त्याचं काम हातवारे करून दाखवलं. झाकण कसं उघडलं, कोपर कसं वळवलं, मध्येच हात बाहेर काढून कसा झटकला. "सोलवटला असणार," ते म्हणाले. अर्ध्या-पाऊण तासाने त्याने झाकण लावलं, खाली आला, हातमोजे काढले, सामान गाडीत टाकलं.

"आणि मग थांबला," काका म्हणाले. "वर बघितलं. आणि परत चढला."

"काही राहिलं होतं का?"

"नाही. झाकणाची कडी हाताने ओढून बघितली. लागलेलीच होती. उतरला, निघून गेला."

काकू नातीचे फोटो आणायला खाली गेल्या. काका चहाचा कप हातात फिरवत राहिले.

"मी नव्हतो चढलो," ते म्हणाले. "एकदा. शनिवार होता, अर्ध्या दिवसाने सुट्टी. खाली उतरलो आणि कडी लावली की नाही तेच आठवेना. शिडी तोवर दुसरीकडे ओढून नेलेली. फोरमनने विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं. सही केली. आतमध्ये पाच माणसं बसून गेली. सोमवारी विमान परत आलं तेव्हा बघितलं, कडी लागलेली होती."

"काहीसुद्धा झालं नाही, असं मीही म्हणत आलो," काका म्हणाले. "त्या दिवशी पोहे खाताना तू तेच बोललास. राग तुझा नव्हता रे. उगीच तुला घराबाहेर काढलं."

या माणसाला आम्ही दोन वर्षं खोटे कागद दाखवून हसत होतो. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून मी विचारलं, "शनिवारपासून सोमवारपर्यंत मग काय केलंत?"

"ताई तेव्हा दोन महिन्यांची होती," काका म्हणाले. "तिला घेऊन बसलो. खाली ठेवलीच नाही."